आडनावामागे धावू नका, लग्नं शोधा: फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ काढणाऱ्या नवख्यांसाठी

क्युबेकच्या एखाद्या साध्या शेतकरी घराण्याची वंशावळ साडेतीनशे-चारशे वर्षं मागे नेता येते, आणि तीही घरबसल्या, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. पण ते खरं आहे. माँट्रियल, ऑटवा, टोरांटोकडच्या मराठी घरांत आता क्युबेकच्या सुना आणि जावई आले आहेत. नातवंडांना आईकडचं आणि बापाकडचं, दोन्ही घराणी माहीत असावीत असं वाटणारे आजी-आजोबाही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही, कारण या नोंदी ठरावीक साच्यात लिहिलेल्या असतात आणि साचा एकदा डोळ्यांत बसला की पान आपोआप वाचता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. या शोधात आडनाव शोधायचं नसतं, जोडपं शोधायचं असतं. आडनावं तिथे बदलतात, तुटतात, जुळतात. नवरा-बायकोची जोडी मात्र कागदावर टिकते.

हे शक्य कशामुळे होतं

क्युबेक शहर वसलं १६०८ साली, त्र्वा-रिव्हिएर १६३४ साली, माँट्रियल १६४२ साली. फ्रान्सची ही वसाहत कॅथलिक होती, आणि प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवणं हे पाद्र्याचं कामच होतं. क्युबेक शहरातल्या नोंदी १६२१ पासूनच्या. १६४० साली तिथलं चर्च जळालं आणि वह्याही गेल्या, पण वस्ती एवढीशी होती की लोकांना विचारून त्या नोंदी पुन्हा लिहून काढता आल्या. पुढे प्रत्येक वही दोन प्रतींत ठेवण्याची पद्धत आली: एक चर्चमध्ये राहायची, दुसरी न्यायालयाकडे जायची. एकीला आग लागली तरी दुसरी उरते, हा साधा हिशोब आज आपल्या कामी येतो. १७६० च्या सुमारास राज्य इंग्रजांच्या हाती गेलं तरी वह्या चालूच राहिल्या. चर्चकडून हे काम पूर्णपणे सरकारकडे गेलं ते थेट १९९४ साली.

दुसरं कारण लोकसंख्येचं. फ्रेंच राजवटीच्या दीडशे वर्षांत फ्रान्सहून येऊन कायमचे राहिलेले लोक सुमारे दहा हजार. त्यांचीच पुढे लाखो वंशजं झाली. पेर्श या फ्रान्सच्या छोट्या प्रांतातून आलेला झाकारी क्लुतिए हा सुतार घ्या. १८०० सालापर्यंत लग्न झालेले त्याचे १०,८५० वंशज संशोधकांनी मोजले आहेत. क्युबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव त्राँब्ले. ते पिएर त्राँब्ले या एकाच माणसापासून पसरलं. तोही पेर्शचाच, रांदोने गावचा. त्याने १६५७ साली क्युबेकमध्ये ओझान आशों हिच्याशी लग्न केलं. थोडक्यात, तुमच्या सुनेच्या झाडात हे जोडपं निघालं तर फार हुरळून जाऊ नका, तिच्या शेजारणीच्या झाडातही ते असतं.

पायरी पहिली: घरातले कागद

सगळ्यात अवघड असतात ती शेवटची ऐंशी-शंभर वर्षं. कारण सोपं आहे: अलीकडच्या नोंदी खाजगी असतात आणि त्या फक्त संबंधित माणसालाच मिळतात. म्हणून ही वर्षं घरातल्या घरात भरून काढायची. जावयाच्या किंवा सुनेच्या आजी-आजोबांचं लग्न कुठल्या गावच्या चर्चमध्ये झालं, एवढं एक उत्तर मिळवा. बाकी त्यातून निघतं.

क्युबेकच्या जुन्या घरांत मृतांच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डं असतात, एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला प्रार्थना आणि तारीख. प्रार्थनेच्या पुस्तकात खोचलेली ती गठ्ठ्याने सापडतात. वर्तमानपत्रांतले निधनाचे मजकूर आणि थडग्यांवरचा मजकूरही बघा. बाईच्या नावाखाली ‘अमक्याची पत्नी’ असं लिहिलेलं असतं, पण नाव तिचं स्वतःचं असतं, माहेरचं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना सनावळी विचारू नका, ती चुकते. आजीच्या बहिणी कुठे दिल्या होत्या, उन्हाळ्यात कुणाकडे जायचात, असं विचारा. गावाचं नाव हाती लागतं.

पायरी दुसरी: लग्नाची नोंद

क्युबेकमधल्या लग्नाच्या नोंदीत वराचे आई-वडील आणि वधूचे आई-वडील, चौघांचीही नावं असतात. आयांची माहेरच्या आडनावासकट. एक नोंद सापडली की वरच्या पिढीतली दोन जोडपी हातात येतात; त्या प्रत्येक जोडप्याचं लग्न शोधलं की आणखी चार. बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदी नंतर, खातरजमा करायला. नवखे लोक जन्मतारखेच्या मागे लागतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच गावात एकाच दशकात चार मारी त्राँब्ले जन्मलेल्या असतात. त्यांतली आपली कोणती, हे तिच्या लग्नावरूनच ठरतं.

लग्न बहुधा वधूच्या गावी व्हायचं. तेव्हा वराच्या गावात नोंद नाही म्हणून हात टेकू नका, आजूबाजूची गावं बघा. नाताळाआधीचे चार आठवडे आणि ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लग्नाला वर्ज्य असल्याने तारखा नोव्हेंबरात किंवा जानेवारी-फेब्रुवारीत दाटीने येतात. तेव्हा शेतीची कामंही नसायची.

एक सापळा आहे. वधू विधवा असेल तर पाद्री बहुतेकदा तिच्या आई-वडिलांची नावं देतच नाही, फक्त ‘अमक्याची विधवा’ एवढं लिहितो. विधुराचंही तसंच. मग मागे जाऊन तिचं पहिलं लग्न शोधायचं. त्या काळात लोक लवकर मरायचे आणि मागे राहिलेले लवकर पुन्हा लग्न करायचे, त्यामुळे हे वारंवार होतं.

नोंदीत ‘तिसऱ्या अंशाच्या नात्याची सूट’ असा उल्लेख आला तर ती ओळ सोडू नका. चर्चने जवळच्या नात्यातल्या लग्नाला परवानगी दिली, असा त्याचा अर्थ. दुसरा अंश म्हणजे वधूवरांचे आजी-आजोबा एक, तिसरा म्हणजे पणजी-पणजोबा एक, चौथा म्हणजे त्यांच्याही वरची पिढी एक. तुम्ही काढलेल्या झाडात ती समान जोडी त्या जागी दिसली नाही, तर झाड कुठेतरी चुकलंय. मला स्वतःला या नोंदी फार आवडतात, कारण पाद्र्याने आपल्यासाठी ताळा करून ठेवलेला असतो.

पायरी तिसरी: पान वाचणं

वहीच्या समासात बी, एम, एस यांपैकी एक अक्षर असतं, शेजारी नाव. बी म्हणजे बाप्तिस्मा, एम लग्न, एस दफन. आधी फक्त समास वाचत जा, पानं भराभर उलटतात.

तारीख अक्षरांत लिहिलेली असते, आणि फ्रेंच आकडे विसांच्या हिशोबाने चालतात: १७९२ हे ‘एक हजार सातशे चार विसा नि बारा’ असं लिहिलेलं सापडेल. आणि महिन्यांची गंमत बघा. आकडा सात आणि त्यापुढे बी-आर-ई असं लिहिलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. लॅटिनमध्ये सप्टेंबरच्या नावातच सात आहे, त्यावरून ही लेखनाची सवय पडली. इंटरनेटवरच्या कितीतरी झाडांत या एका चुकीमुळे मूल आई-बापाच्या लग्नाआधी जन्माला आलेलं दिसतं.

नावाच्या आधी एफ-ई-यू ही तीन अक्षरं (उच्चार ‘फ’) दिसली तर तो माणूस नोंदीच्या वेळी हयात नव्हता, कैलासवासी होता. मृत्यूची तारीख शोधताना हा शब्द फार उपयोगी पडतो: मोठ्या मुलीच्या लग्नात बाप हयात, धाकटीच्या लग्नात ‘फ’ लागलेला, म्हणजे मधल्या काळात तो गेला. नोंदीच्या शेवटी ‘सही करता येत नाही असं सांगितलं’ हे वाक्य जवळजवळ नेहमी असतं. त्याचा परिणाम पुढे आडनावात दिसतो.

पायरी चौथी: ‘दी’ची भानगड

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवख्यांची निम्मी झाडं इथेच मोडतात.

क्युबेकच्या जुन्या कागदांत माणसाचं नाव असं येतं: पिएर युदों दी बोल्यो. मधला शब्द डी-आय-टी असा लिहितात, उच्चार ‘दी’, बाईसाठी ‘दीत’. ‘युदों, ज्याला बोल्यो म्हणतात तो’. म्हणजे एका माणसाला दोन आडनावं. आपल्याकडे मूळ उपनाव एक आणि वतनामुळे किंवा गावामुळे चिकटलेलं दुसरं, असं कुलकर्णी-देशपांड्यांच्या घरांत होतं ना, तसंच. फरक इतकाच की तिथे दोन्ही नावं दोनशे वर्षं शेजारी-शेजारी लिहिली जात होती, आणि कुठल्या कागदात कुठलं येईल याचा नेम नव्हता. बाप्तिस्म्याला युदों, लग्नात युदों दी बोल्यो, दफनाला नुसता बोल्यो. माणूस एकच.

ही नावं आली कुठून? बरीचशी फौजेतून. १६६५ साली कारिन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास सैनिक आले आणि त्यांतले सुमारे चारशे तिथेच राहिले. फ्रेंच सैनिकाला पलटणीत टोपणनाव असायचं, आणि ते देताना साहेबांच्या किंवा सोबत्यांच्या विनोदबुद्धीला धरबंध नव्हता: लाफ्लर म्हणजे फूल, लाजनेस म्हणजे तारुण्य, जोलीकर म्हणजे दिलदार गडी, सांसूसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. काही नावं मूळ प्रांतावरून: लांजव्हँ आंजूचा, पिकार पिकार्दीचा, सँतोंज सँतोंजचाच. काही शेतजमिनीवरून. बातिस्कांचे रिव्हार भाऊ आणि त्यांची मुलं बघा: एक शाखा रिव्हार दी लाव्हीन्य, दुसरी रिव्हार दी लोरांजे, तिसरी रिव्हार दी लानुएत. आज लाव्हीन्य, लोरांजे आणि लानुएत ही वेगवेगळी आडनावं वाटतात, आणि त्यांतल्या अनेकांना आपण एकमेकांचे भाऊबंद आहोत याचा पत्ताही नसतो.

उलटही होतं. लाफ्लर किंवा लाजनेस हे टोपणनाव डझनावारी सैनिकांना होतं, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणून आडनाव एक म्हणजे घराणं एक, हे गृहीत धरू नका. आणि आडनाव वेगळं म्हणजे घराणं वेगळं, हेही नाही.

कधीकधी हे दुसरं नाव फार मोठी गोष्ट सांगून जातं. मेतिस (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांचा पुढारी लुई रिएल याच्या मूळ पुरुषाचं नाव कागदांत ‘रिएल दी लिर्लांद’ असं येतं, म्हणजे आयर्लंडवाला. तो लिमेरिकचा होता. १७०४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या डीअरफील्ड गावावर छापा पडला, तेव्हा पकडून नेलेल्या इंग्रज मुलांपैकी काही क्युबेकमध्येच वाढली. त्यांतल्या जोसाया रायझिंगचा पुढे इन्यास रेझेन झाला. फ्रेंच दिसणारं आडनाव फ्रान्सहूनच आलं असेल असं नाही.

एकोणिसाव्या शतकात ही दुहेरी नावं हळूहळू सुटली आणि प्रत्येक शाखेने एकेक नाव ठेवलं. सख्ख्या भावांनी वेगवेगळी ठेवल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा माग अचानक तुटला, एखादं घराणं १८५० च्या आसपास आकाशातून पडल्यासारखं उगवलं, तर पहिली शंका ‘दी’ची घ्यायची. आडनाव बाजूला ठेवून नवरा-बायकोची पहिली नावं, बायकोचं माहेर आणि गाव यांवर शोध घ्या.

वर्णलेखनाचं तर विचारूच नका. सही न येणारा माणूस नाव बोलायचा आणि पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. शेवटी ‘ओ’ उच्चार असलेलं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहितात. सुरुवातीचा एच उच्चारत नाहीत, म्हणून कधी असतो, कधी नसतो. आणि नावामध्ये ‘द’ (म्हणजे ‘अमक्या ठिकाणचा’) आहे म्हणून पूर्वज सरदार होते असं कुणी सांगितलं, तर मान डोलावून पुढे जा.

बायकांची नावं, मुलांची नावं

फ्रेंच कायद्याने बाई आयुष्यभर माहेरच्या नावानेच ओळखली जायची. लग्न, खरेदीखत, मृत्युपत्र, दफन, सगळीकडे तेच. इंग्रजी मुलखातल्या वंशावळीत आजीच्या आईपाशी रस्ता बंद होतो, इथे होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की बापाकडच्या शाखेबरोबर आईची आई, तिची आई, अशी सरळ बायकांची शाखाही काढा. ती बहुतेकदा ‘राजाच्या मुली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायकांपैकी एखादीपाशी पोचते. १६६३ ते १६७३ या काळात चौदाव्या लुईच्या खर्चाने सुमारे पावणेआठशे तरुणी नवरा मिळवायला इथे आल्या. बऱ्याच जणी पोरक्या, गरीब. त्यांच्याबद्दल पुढे बरंच वेडंवाकडं बोललं गेलं, ते कागदपत्रांत टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या वर्तमानपत्रांत मात्र ‘मादाम झोझेफ त्राँब्ले’ अशी नवऱ्याच्या नावाने ओळख आढळते, तिथे गोंधळू नका. सध्याच्या क्युबेकच्या कायद्यात १९८१ पासून नवरा-बायको दोघंही आपापलंच जन्मनाव ठेवतात. तिथे लग्न होऊन संसार मांडणाऱ्या मराठी मुलीचंही सरकारदरबारी माहेरचंच आडनाव राहतं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुलांच्या नावांची रीत कळली नाही तर याद्या पाहून डोकं फिरतं. एकोणिसाव्या शतकापासून जवळजवळ प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी आणि मुलाच्या नावाआधी झोझेफ लागतं. मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि वापरातलं नाव बहुधा शेवटी. ‘झोझेफ एमील आर्थर’ला घरी आणि गावात आर्थरच म्हणत. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धतही होती. एका जोडप्याची तीन झां-बाप्तिस्त निघाली तर शेवटचा तेवढा जगला असण्याची शक्यता मोठी. दफनाच्या नोंदी बघून खात्री करा.

पायरी पाचवी: कुठे शोधायचं

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्युबेकच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं खातं उघडून फुकट बघता येतात. सुरुवात तिथून. द्रुएँ संस्थेने १९४० च्या दशकात या वह्यांचं मोठ्या प्रमाणावर चित्रीकरण केलं, तो संग्रह जेनेआलोजी केबेक आणि अँसेस्ट्री या संकेतस्थळांवर वर्गणी भरून मिळतो. माँट्रियल विद्यापीठात १९६६ साली सुरू झालेल्या पी-आर-डी-एच या प्रकल्पाने जुन्या नोंदी कुटुंबवार जोडून ठेवल्या आहेत. तिथे आडनावाचे सगळे पर्याय आणि ‘दी’ची नावं एकत्र बांधलेली आहेत. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मी इथे घालेन. क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नोटरींचे कागद मोफत आहेत. सिप्रिएँ तांगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांचा वंशकोश छापला. तो वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको, त्यात चुका पुष्कळ आहेत.

लोकांनी इंटरनेटवर टाकलेली तयार झाडं ही फक्त अफवा समजा. त्यांतली निम्मी शार्लमेन बादशहापर्यंत पोचतात. गंमत म्हणजे एक वाट खरोखर पोचते: १६६९ साली झाक मिव्हिल दी देशेन याच्याशी लग्न केलेल्या कात्रीन द बायों या ‘राजाच्या मुली’ची. संशोधकांनी कागदोपत्री ती सिद्ध केली आहे. पण बाकीच्या झाडांनी तिचा आधार घेऊन केलेल्या उड्या तपासल्याशिवाय स्वीकारू नका.

घराणं अमेरिकेत गेलेलं असेल तर

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत: लोवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर, वून्सॉकेट, लुइस्टन. तिथे नावांचं इंग्रजी झालं. र्वाचा किंग, लब्लांचा व्हाइट, लापिएरचा स्टोन, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड हे अर्थ पाहून. आर्शांबोचा शँबो आणि बन्वाचा बेनवे हे कानावर पडलं तसं. आणि कुर्तमांशचा शॉर्टस्लीव्ह, म्हणजे आखूड बाही, हा माझा आवडता. जनगणनेत, गिरणीच्या पगारपत्रकात इंग्रजी नाव सापडेल. पण त्या गावांत फ्रेंच लोकांची स्वतःची चर्चं होती, पाद्री बरेचदा क्युबेकचेच, आणि त्यांच्या वहीत जुनं नाव आई-वडिलांसकट लिहिलेलं असतं. आधी त्या चर्चचं नाव शोधा.

पायरी सहावी: नोटरीचे कागद

चर्चच्या वहीतून सांगाडा मिळतो, मांस मिळतं नोटरीकडे. लग्नाच्या काही दिवस आधी बहुतेक जोडपी नोटरीसमोर करार करायची. हजर असलेल्या काका-मामांची, मेहुण्यांची, शेजाऱ्यांची नावं त्यात असतात, म्हणजे चर्चची नोंद हरवली असली तरी हा करार उरतो. पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे (वसाहतीत लागू असलेला फ्रेंच कायदा) साध्या शेतकऱ्याच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा होता, त्यामुळे वाटणीपत्रात सगळी भावंडं जावयांसकट सापडतात. नवरा किंवा बायको वारली की घरातल्या वस्तूंची यादी केली जायची: किती गायी, किती तांब्याची भांडी, चादर धड की फाटकी, कुणाचं किती देणं. आई-बाप गेल्यावर मागे राहिलेल्या पंचवीस वर्षांखालच्या मुलांसाठी पालक नेमायचे, त्या कागदात मुलांची वयं असतात.

समुद्रापलीकडे

पहिल्या पिढीच्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं गाव आणि बिशपचा प्रांत बहुधा दिलेला असतो. फ्रान्सच्या जिल्हावार अभिलेखागारांनी जुन्या वह्या इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. पेर्शचा बराचसा भाग आजच्या ऑर्न जिल्ह्यात येतो. ‘फिशिए ओरिजिन’ या मोफत यादीत कुणाचा मूळ बाप्तिस्मा कुठे सापडला आहे ते आधी बघून घ्या, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा करावं लागणार नाही. लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये अनेक गावांच्या वह्या सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचतच नाहीत. तिथे रस्ता संपला तर संपला, बायकोच्या शाखेकडे वळा.

पूर्वज अकादियन निघाले, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडचे, तर वेगळी वाट धरावी लागते. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना हुसकावून लावलं, घरं जाळली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांवर चढवली, आणि त्या धुमाळीत बऱ्याच वह्या नाहीशा झाल्या. तिथे १६७१ ची जनगणना आणि त्यानंतरच्या शिरगणत्या आधाराला धरायच्या. हद्दपारीत पाद्री नसताना झालेली लग्नं पुढे एखाद्या चर्चमध्ये पुन्हा विधिवत लावली गेली, तेव्हा लग्नाच्या दिवशीच दोन-तीन मुलांचे बाप्तिस्मेही नोंदलेले दिसले तर दचकू नका.